दारावरून काढलेली कोरफड

डॉक्टरांनी विचारलं, "बच्ची को क्या पिलाया था?" आणि वहिनी म्हणाली, "कुछ नहीं. सिर्फ माँ का दूध." मी तिच्या शेजारी उभी होते. माझ्या बोटांना अजून कडू वास येत होता. टेबलावर वैशाली पडली होती, माझ्या दादाची मुलगी, पाच महिन्यांची. तिची टाळू खोल गेली होती, डोळे अर्धवट उघडे होते आणि ती रडत नव्हती. सकाळपासून तिला इतके जुलाब झाले होते की शेवटी नुसतं पाणी जात होतं. डॉक्टर म्हातारे सिंधी गृहस्थ होते. त्यांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं, "घुट्टी दी? शहद? कोई देसी दवा? सच बोलो." वहिनीने मान हलवली. मग ते माझ्याकडे वळले. "तू बोल." मी म्हटलं, "कुछ नहीं दिया." मी तेव्हा सोळा वर्षांची होते. आमच्या चाळीत सोळाव्या वर्षी मुलींच्या कडेवर पोर असायचं. लहान होते, कळलं नाही, असं मी इथे लिहिणार नाही. मला सगळं कळत होतं.

आम्ही मोरिवलीला राहायचो. एका बाजूला जुनं गाव, गावाची भातशेतं, दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या भिंती, आणि मधे आमची आठ खोल्यांची चाळ. घड्याळ आमच्याकडे नव्हतं, लागायचंही नाही. भोंगा झाला की बाबा आणि दादा निघायचे, भोंगा झाला की परत यायचे. दोघं वेगवेगळ्या कंपन्यांत होते. वास रोज बदलायचा. एखाद्या दिवशी सडक्या अंड्यांचा, एखाद्या दिवशी पिकलेल्या केळ्यांसारखा गोड. गोड वासाच्या दिवशी डोकं जास्त दुखायचं. आई कांदा घालून सुका जवळा परतायची तेव्हा तेवढा वेळ घराला घराचा वास यायचा. ती वसाहतीतल्या दोन घरी भांडी घासायला जायची आणि दुपारी परतायची. चौथीनंतर माझी शाळा सुटली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून आमच्या चाळीत जीन्सच्या पँटींचे गठ्ठे यायचे. शिवून झालेल्या पँटींना धागे लोंबत असतात, ते कैचीने कापायचे, हे माझं काम. उजेड हवा म्हणून दाराच्या उंबऱ्याशी बसायचं आणि कचकच कापत राहायचं. कापडाचा रंग बोटांना लागायचा तो धुऊन जायचा नाही. माझ्या हातची भाकरी निळसर व्हायची. दादा म्हणायचा, "सुमे, पिठात नीळ घातलीस काय? पोटातून पांढरेशुभ्र व्हायचं का आम्ही?" दादा तेव्हा हसायचा. त्याच्या हसण्याला आवाज होता, चार खोल्या पलीकडे ऐकू जायचा.

वहिनी वांगणीच्या पलीकडच्या वाडीवरची. तिचं पहिलं बाळ आठव्या दिवशी गेलं. मुलगा होता. दुसऱ्यांदा तिला दिवस गेले तेव्हा तिची आई एक दिवस पिशवीत कोरफड घेऊन आली. बांधावरून मुळासकट उपटलेली. तिने स्टूल मागितलं, कोरफडीच्या बुडाशी काळा दोरा बांधला आणि दाराच्या चौकटीवर खिळ्याला ती उलटी टांगली, मुळं वर, पाती खाली. घराला, पोटातल्या बाळाला नजर लागू नये म्हणून. आमचं घर बौद्धांचं. माझ्या आजोबांनी देव पोत्यात भरून नदीत सोडले होते आणि बाबांना त्याचा फार अभिमान. ते कामावरून आले, वर बघितलं आणि म्हणाले, "आमच्या घरात हे चालत नाही. दगड सोडले ते पाला टांगायला नाही." वहिनीची आई चहा पीत बसली होती. तिने बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "इवाई, माझ्या लेकीचं पहिलं बाळ कशानं गेलं ते तुमच्या पुस्तकात लिवलंय का? लिवलं आसंल तर वाचून दावा, आत्ता काढते." बाबा हात धुवायला गेले आणि कोरफड राहिली.

ती चार महिने तशी लटकत होती. मी दिवसभर तिच्याखाली बसायचे म्हणून मला तिचं सगळं माहीत आहे. पहिले काही आठवडे तिला काही झालं नाही. मग पाती बारीक व्हायला लागली, मधून खोलगट झाली, कडा तपकिरी पडल्या. चुलीचा धूर आतून लागायचा आणि कारखान्याची पांढरी पूड बाहेरून बसायची. मुळं म्हातारीच्या विंचरलेल्या केसांसारखी वर पसरली होती. पण पात्यांची टोकं वळली. खाली तोंड करून टांगलेल्या त्या पात्यांनी टोकं उचलून वर उजेडाकडे वळवून घेतली. आज कुणी विचारलं तर म्हणेल, तुला तिची दया आली असेल. दया नाही. मला राग यायचा. मरायचं तर मर, नाहीतर नीट जग, असं वाटायचं. आत येताना जाताना ती डोक्याला लागायची आणि घरात तिला कुणी बघायचं नाही. एकदा टांगली की तिचं काम तिने करायचं, आपण बघायचं नाही, अशी रीत.

वहिनी सातव्या महिन्यात माहेरी गेली आणि त्यानंतर आठ दिवसांत काळा दोरा कुजून तुटला. कोरफड माझ्यासमोर धागे कापलेल्या पँटींवर पडली. आई घरात नव्हती. दोरा घरात होता, स्टूल होतं, मी ती परत टांगू शकले असते. मी बाबांनी आणलेला रंगाचा रिकामा डबा घेतला, खिळ्याने बुडाला भोकं पाडली, गावाच्या बांधावरून माती आणली आणि ती सुलटी लावली. मग रोज तांब्याभर पाणी घालत राहिले. सोळा वर्षांत माझं स्वतःचं असं काही नव्हतं, झोपायला चटई होती तीही आईची आणि माझी. दहा-बारा दिवसांत तिचं बूड मऊ पडलं आणि वास यायला लागला. आईने डबा बघितला आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. "ही काय भात आहे? पाणी ओततेस ते? चार महिने हवेवर जगली ती तुझ्या पाण्यानं मेली असती." तिने कोरफड उपटली, विळीवर सडका भाग कापून टाकला, उरलेली फळीवर सावलीत तीन दिवस कोरडी ठेवली. मग कोरड्या मातीत वाळू मिसळून लावली. म्हणाली, "आता पंधरा दिवस हिला विसर. बघू पण नको." बघितल्याशिवाय मला राहवायचं नाही. पाण्याला हात लावला नाही एवढं खरं. कापडाच्या चिंधीने मी पात्यांवरची पूड पुसायचे, एकेक पात, वरून खाली. एक दिवस मधोमध बोटाच्या पेराएवढं नवं पान दिसलं, हिरवं, त्यावर पांढरे ठिपके. मी कुणाला सांगितलं नाही.

वहिनी तीन महिन्यांची वैशाली घेऊन परत आली आणि उंबऱ्यातच थांबली. रिकामा खिळा तिला आधी दिसला, आम्ही नंतर. "कोरफड कुठाय?" मी डबा दाखवला. तिचं तोंड उतरलं. "कुणी काढली?"

"पडली," मी म्हटलं.

"पडली तर परत टांगायची होती. माझ्या आईनं टांगलेली, तू मातीत लावलीस? तुला काय अक्कल?"

आई मधे पडली. "दारातच आहे ना? उलटी काय आणि सुलटी काय, दारातली नजर दारातच अडवील. आत ये, पोरीला ऊन लागतंय."

बाबा आतून म्हणाले, "बरं झालं पडली ती. थोतांड आपल्या पायानं गेलं." वहिनी काही न बोलता आत आली. ती बोलली नाही म्हणजे विसरली असं आम्ही धरलं. ते चुकलं.

पावसात कोरफड फोफावली. पाती मनगटाएवढी जाड झाली, बाजूला चार पिल्लं फुटली. चाळीतल्या बायका येऊन मागू लागल्या. कारखान्यात वाफ लागून कुणाचा हात पोळला की आमच्या दारात, केस गळायला लागले की आमच्या दारात. "सुमन, एक पात दे गं." मी कापून द्यायचे, कुठली द्यायची ते मी ठरवायचे. मला ते आवडायचं. माझ्याकडे कुणी काही मागायला येतं हे मला नवीन होतं. समोरच्या खोलीतल्या कुसुमताईच्या मुलाला खोकला झाला तेव्हा आईने त्याला रस करून दिला. तेव्हा तिने मला शेजारी बसवून दाखवलं. "अंगाला लावायची तर कशीही लाव. पोटात द्यायची तर नीट ऐक. पात कापली की आधी कापल्या बाजूनं खाली उभी करून ठेवायची. पिवळा चीक निथळतो, तो निथळू द्यायचा. मग धुवायची, साल काढायची, परत धुवायची, मग भाजायची. तो चीक पोटात गेला तर मोठ्या माणसाची आतडी बाहेर येतील." कुसुमताईच्या मुलाचा खोकला गेला. वहिनी वैशालीला मांडीवर घेऊन ते बघत होती, पण ती फक्त रस बघत होती. मी सगळं बघितलं होतं.

मग वैशालीला खोकला झाला. तीन दिवस ती खोकत होती, दूध ओढायची आणि ओकायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई कुणाच्या तरी घरी बारशाला पोळ्या लाटायला गेली होती. वहिनी माझ्याकडे आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याकडे काही मागत होती. "सुमे, त्या पोराला दिला होता तसला रस हिला करून दे ना. तुझ्या कोरफडीचा." तिने "तुझ्या" म्हटलं. सेठचा माणूस सकाळी गठ्ठा न्यायला येणार होता आणि माझ्या निम्म्या पँटी राहिल्या होत्या. मी उठले, सगळ्यात जाड पात कापली, तशीच विस्तवावर धरली आणि वाटीत पिळली. उभी करून ठेवायला अर्धा तास लागला असता. मला आठवण होती. मी म्हटलं, एवढ्याशा रसानं काय होतंय. रस पिवळट आला. साखर घातली. वहिनीने वाटीत बघितलं आणि म्हणाली, "एवढासाच? अजून थोडा पिळ, जोर धरील." मी अजून पिळला. तिने पोरीला आडवी घेतली, बोंडलं भरलं आणि पाजलं. वैशाली किंचाळली, तोंड फिरवलं. वहिनीने तिचं नाक दाबलं आणि उरलेलं पाजलं. सकाळी उठल्यावर परत पाजलं. आई पहाटेच कामावर गेली होती. दुसरी पातही मीच कापली.

सकाळचा भोंगा होऊन गेल्यावर पहिला जुलाब. दिवस वर येईपर्यंत मोजायचं आम्ही सोडलं. मी साखर-मिठाचं पाणी चमच्याने घालत होते, ते ओठांवरून ओघळत होतं. कुसुमताईने रिक्षा बोलावली. आमच्यातलं कुणी कधी कॅम्पातल्या डॉक्टरकडे गेलेलं नव्हतं, पण जीन्सवाल्या सेठचं घराणं त्यांच्याकडे जायचं म्हणून मला नाव माहीत होतं. शेअर रिक्षावाल्याने बाकीच्या बायकांना उतरवलं आणि एकट्या आम्हाला घेऊन निघाला. वहिनी पोरीला छातीशी धरून पुटपुटत होती. मग ती माझ्याकडे वळली. "तू दारावरची काढलीस. तेव्हापासून माझ्या मनात होतं."

मी म्हटलं, "रस कुणी मागितला?"

"पिळला कुणी?"

रिक्षावाला आरशातून बघत होता. वहिनीने आवाज खाली घेतला. इतका खाली की मला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. "हे बघ. तुझ्या दादाला रसाचं कळलं तर तो दोघींना उभं चिरील. मी सांगीन, हिनं दारावरची काढली म्हणून नजर लागली. तुला दोन थपडा बसतील. तेवढ्यावर भागेल. मी पाजला असं कळलं तर मला घरात ठेवतील का? एक पोर माझ्या हातून आधीच गेलंय." ती रडत नव्हती. हिशेबाने बोलत होती. मला तिचं म्हणणं पटलं. तिला वाचवावं म्हणून पटलं नाही. दोन थपडा मला परवडत होत्या. नजर लागली असं एकदा म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. मी म्हटलं, "बरं."

असं आमचं ठरलं होतं म्हणून डॉक्टरांसमोर मी "कुछ नहीं दिया" म्हणाले. डॉक्टरांनी नर्सला सलाईन आणायला सांगितलं. हाताची शीर सापडेना, पायाची सापडेना, शेवटी डोक्याचे केस काढून तिथे सुई लावली. डॉक्टर नर्सला म्हणत होते की कारण कळत नाही, पटकी असली तर इथे ठेवता येणार नाही, मुंबईला पाठवावं लागेल. वहिनी भिंतीला टेकून बसली. मी दाराकडे बघत होते. मुंबईपर्यंत पोरगी टिकणार नाही हे तिला बघून कुणीही सांगितलं असतं. मी तेव्हाही बोलले नाही.

आई आली. तिच्या लुगड्याचा काचा तसाच होता, हाताला राख होती. कुसुमताईने मला नंतर सांगितलं की आई घरी आली तेव्हा दार उघडं, घरात कुणी नाही आणि जमिनीवर वाटी. आईने वाटीला बोट लावून जिभेवर ठेवलं, थुंकली, दारातल्या डब्याकडे गेली, कापलेल्या दोन पात्यांचे खुंट बघितले आणि दवाखाना कुठला ते कुसुमताईला विचारून तशीच रस्त्याला लागली. तिने आम्हाला काही विचारलं नाही. ती सरळ डॉक्टरांसमोर गेली आणि तिच्या हिंदीत म्हणाली, "डागदर, मैंने पिलाया. कोरफड का रस. उसका पिवळा चीक रह गया."

डॉक्टरांना कोरफड कळेना. कंपाउंडर म्हणाला, "ग्वारपाठा, साहब." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "कितना दिया? कितनी बार?"

आईला ते कुठून ठाऊक असणार? ती माझ्याकडे वळली आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, "सुमे, मी किती दिला होता गं? सांग त्यांना."

दादा तेवढ्यात येऊन दारात उभा राहिला होता. कुणीतरी त्याला कंपनीतून बोलावून आणलं होतं. त्याच्या हातात जेवणाचा डबा होता. तो ऐकत होता. वहिनी जमिनीकडे बघत होती. मी म्हटलं, "दोन वेळा. काल संध्याकाळी आणि आज सकाळी. बोंडलं भरून."

"हां," आई म्हणाली. "तेवढाच."

डॉक्टर आईला खूप बोलले. पढे-लिखे नहीं हो, बच्ची को मारोगे, असं सगळं. ती मान खाली घालून ऐकत राहिली, कामाच्या घरच्या मालकिणीचं ऐकायची तसं. मुंबईचं नाव परत कुणी काढलं नाही. त्यांनी आधी लिहिलेलं एक इंजेक्शन खोडलं आणि सलाईनवर सलाईन लावलं. वैशाली आईच्या सांगण्याने जगली की सलाईनने, हे मला ठाऊक नाही. ती तिसऱ्या दिवशी दूध प्यायली.

दादाने आईला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, मारून त्याचा राग उतरायचा. घरी आल्यावर त्याने रंगाचा डबा उचलला आणि कोरफडीसकट नाल्याकडे फेकला. डबा काठावर पडला आणि कुसुमताईने संध्याकाळी जाऊन कोरफड उचलून आणली. तिच्या दारात तेलाच्या पिंपात ती आमच्यासमोर वाढत राहिली. मी तिच्याकडे कधी गेले नाही. महिन्याभरात दादाने बदलापूरला खोली घेतली. जायच्या दिवशी आई वैशालीला घ्यायला पुढे झाली तर दादा म्हणाला, "पोरीला हात लावायचा नाही." एवढंच. वहिनीने पदर पोरीच्या तोंडावर ओढला आणि टेम्पोत बसली. ती माझ्याकडे बघून बसली, आईकडे तिने बघितलं नाही. बाबा जन्मभर अंधश्रद्धेच्या विरोधात बोलले, त्यांना आता घरातच उदाहरण सापडलं. पाहुणे आले की सांगायचे, "दारावरचं थोतांड गेलं, पण हिच्या पोटातलं गेलं नाही. नातीला चीक पाजला." आई पाहुण्यांना चहा द्यायची.

मी तिला एकदाच विचारलं. ती भाकऱ्या थापत होती, मी कैचीला धार लावत होते. मी म्हटलं, "आई, तू का सांगितलंस तुझं नाव?" ती थापायची थांबली नाही. "तुझ्यासाठी नाही सांगितलं, फुगू नको. पोरगी मरत होती आणि तुम्ही दोघी तोंडं शिवून बसला होतात. कुणीतरी बोलायला पाहिजे होतं. तुमची नावं घेऊन भांडत बसले असते तर तेवढ्यात ती गेली असती." मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "आता तू सांगणार आहेस का दादाला?" मी कैचीचं पातं पुसत राहिले. ती म्हणाली, "मग धार लाव." पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी कॅम्प चारला गेले. दादाला सांगायला मला बदलापूर काही लांब नव्हतं. दोन स्टेशनं. मी त्याच्याकडे कितीतरी वेळा गेले, जेवले, भाऊबीजेला नाही पण जयंतीला जायचे. दर वेळी सांगेन म्हणून जायचे आणि खाऊन परत यायचे. आता वाटतं, मी सांगायला जातच नव्हते, वहिनीने सांगितलं नाही ना एवढं बघायला जायचे.

आई गेली तेव्हा वैशाली आठ-नऊ वर्षांची होती. दादा आला, वहिनी आली. वहिनी सगळ्यांत मोठ्याने रडली. भन्तेजी यायचे होते म्हणून आईला पांढऱ्या कपड्यात बाहेर ठेवलं होतं आणि बायका एकेक करून फूल वाहत होत्या. वैशाली लांब उभी होती, पुढे येईना. कुणीतरी म्हणालं, जा गं, तुझी आजी आहे. तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हीच ना ती, जिनं मला विष पाजलं होतं?" पोरीचा दोष नाही, ती जे ऐकत वाढली ते बोलली. दादाने तिला गप्प केलं. वहिनीचं रडणं मधेच थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे बघितलं. आईच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी बसलो होतो. आई तर आता ऐकत नव्हती, खरं सांगून तिला काय फरक पडला असता, पण त्या पोरीला पडला असता. मग वहिनी परत रडायला लागली आणि मी वैशालीच्या हातात फूल दिलं आणि तिचा हात धरून ते वाहायला लावलं.

बाबा गेले. दादा चार वर्षांपूर्वी गेला, शेवटपर्यंत आईचं नाव घेतलं की त्याचा आवाज बदलायचा. वैशाली सोनिवलीला नवीन बिल्डिंगमध्ये राहते, शाळेत शिकवते, तिला दोन मुलं आहेत. ती मला फोन करते, आत्या जेवलीस का विचारते. तिच्या गॅलरीत पुष्कळ झाडं आहेत, कोरफड नाही. हे लिहिलेलं तिच्या हाती पडलं तर पडू दे. वहिनी तिच्याकडेच असते, गुडघे गेलेत, पण तब्येत धरून आहे. मला साखर आहे, बाकी काही नाही. आई पंचावन्नची असताना गेली. रस काढणारी मी आणि पाजणारी वहिनी, आम्ही दोघी अजून जिवंत आहोत.